टोकन संपलं त्या दुपारी

वणीत घरी बसून मी एक छोटं ॲप तयार केलं होतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पेशंटला रक्त लागलं, की कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाच्या पिशव्या आहेत ते त्यात दिसायचं. माहिती माझी नव्हती. ती एका मोठ्या शहरातल्या संस्थेच्या सर्व्हरवर असायची. माझं ॲप दर वेळी तिथं विचारायचं आणि विचारताना एक टोकन दाखवायचं. अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ, हीच त्याची ओळख.

त्या दुपारी मुकुटबनकडच्या शाळेतले शिपाईभाऊ थेट दारात आले. त्यांच्या मुलीला अधूनमधून रक्त चढवावं लागे. ती बाहेर ऑटोत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"डॉक्टर म्हणते, जिथं रक्त असंल तिथंच भरती करा. तुमचं ॲप तं काहीच दाखवून नाही राह्यलं, मॅडम."

मी लॅपटॉप उघडला. प्रत्येक विनंतीला एकच उत्तर येत होतं: ४०१. म्हणजे, तुम्ही कोण ते आम्ही ओळखत नाही. टोकनाची मुदत संपली होती. नवं टोकन आपोआप मागवायची सोय मीच लिहिली होती, पण ते ज्या किल्लीवर, म्हणजे संस्थेनं दिलेल्या गुप्त संकेतावर मिळायचं, ती किल्लीच संस्थेनं बदलली होती. तशी सूचना मेलवर आलेलीही होती. जाहिरातींच्या ढिगात ती न उघडता पडून होती.

संस्थेत फोन केला.

"नव्या किल्लीसाठी अर्ज करा. तीन कामाचे दिवस लागतील."

"मुलगी माझ्या दारात बसली आहे हो."

"मॅडम, माझ्या हातात नाही ते." फोनवरचा माणूस बिचारा खरंच सांगत होता.

भाऊंनी विचारलं, "माहिती तं हाय ना तिकडं?"

"आहे."

"मंग देत काहून नाही?"

मी एकेका रक्तपेढीला फोन लावत सुटले. वणीतल्या पेढीचा फोन कोणी उचलेना. यवतमाळला तो गट नव्हता. शेवटी चंद्रपूरला दोन पिशव्या असल्याचं कळलं. भाऊ लगेच निघाले. कोळशाच्या ट्रकांमागून, खड्ड्यांतून, दुखऱ्या सांध्यांनिशी ती पोर कशी गेली असेल याचा विचार करत मी स्क्रीनसमोर बसून राहिले.

संध्याकाळी रक्त चढलं. चार दिवसांनी ती घरी आली.

किल्ली मिळाल्यावर मी भाऊंना फोन केला. तेव्हा ते सहज बोलून गेले, "नर्सबाई सांगत होती, त्या दिवशी वणीतच पिशवी होती म्हणे." ॲप चालू असतं तर ती दिसली असती, असं मी सांगू लागले. "तुमी कायले वाईट वाटून घेता?" म्हणाले. पण आता ते ॲप उघडत नाहीत, आधी फोनच करतात.

टोकनाची मुदत संपायच्या आठवडाभर आधी मी आता मोबाइलवर आठवण लावून ठेवते, संस्थेचा प्रत्येक मेलही उघडते. संस्थेनं न कळवताच किल्ली बदलली, तर मात्र मी काहीच करू शकत नाही.