मेश्राम बाईंच्या सकाळी

मेश्राम बाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती शाळेच्या फाटकात. मी नोकरीवर रुजू होण्यासाठी साताऱ्याहून पुण्याला आले होते, आणि उशीर होऊ नये या धास्तीने फारच लवकर पोहोचले होते. मंडईच्या बाजूने ओल्या मेथीचा वास येत होता. रस्त्यावर अजून कोवळे, धुरकट ऊन होते. फाटकाला हात टेकून एक ठेंगण्या, सुती साडीतल्या बाई उभ्या होत्या.

"आपण नवीन शिक्षिका ना?" त्या म्हणाल्या. "या. लवकर आलात ते बरं केलंत. मुलं येण्याआधीची शाळा फार थोड्यांना बघायला मिळते."

मग मुख्याध्यापिका कुंदा मेश्राम यांनी मला रिकामी शाळा दाखवली. वर्गावर्गांतून उन्हाचे पट्टे बाकांवर येऊन बसले होते. एका फळ्यावर आदल्या दिवशीचा अर्धवट पुसलेला पाढा होता. बाई हलक्या पावलांनी चालत होत्या, जणू कुणी झोपले आहे आणि त्याला जागे करायचे नाही. त्यांच्यासोबत पुढे अनेक वर्षे काम केले, पण माझ्या आठवणीत त्या साऱ्या सकाळी एकमेकींत मिसळून एकच सकाळ झाली आहे. बाई फाटकात उभ्या आहेत, मुले येत आहेत, आणि बाई प्रत्येकाला नावाने हाक मारत आहेत.

आज बाई वयाची साठ वर्षे पूर्ण करत आहेत. त्यांच्याविषयी बोलताना वक्तशीरपणाचा उल्लेख सगळेच करतील. मात्र त्या वक्तशीरपणाचा रोख मुलांवर कधीच नव्हता. तो पालकांवर होता. शहर वाढत गेले, तशी आमच्या शाळेत उशिरा येणारी मुलेही वाढली. कुणाच्या आईला हिंजवडीच्या कंपनीची बस गाठायची असे, कुणाचे वडील रात्रपाळीहून तेव्हाच परतलेले असत. एकदा एक गृहस्थ स्कूटरवरूनच म्हणाले, "बाई, काय करणार, ट्रॅफिक होतं हो."

बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, पुण्यात ट्रॅफिक रोज असतं. शाळाही रोज असते. आता दोन्ही तुमच्या ओळखीची झाली असतील."

पालकसभेचेही तसेच. एका सभेला ठरलेल्या वेळी फक्त एक आजोबा हजर होते. बाईंनी सभा सुरू केली. रिकाम्या खुर्च्यांकडे न बघता त्या आजोबांशी हजेरीविषयी, अभ्यासाविषयी, डब्याविषयी सविस्तर बोलल्या. माणसे एकेक करून येत राहिली. शेवटी एक वडील म्हणाले, "आम्ही आत्ताच आलो. काय ठरलं ते सांगता का?"

"आजोबांना विचारा," बाई म्हणाल्या. "त्यांनी लक्ष देऊन ऐकलंय."

आजोबांनी खरोखरच व्हरांड्यात उभे राहून सर्वांना सभा ऐकवली, आणि पदरचा थोडा उपदेशही घातला. पुढच्या सभेला सभागृह वेळेवर भरले.

पण याच बाई एका बाबतीत संस्थेच्या विरोधात उभ्या राहिल्या, हे बाहेर फारसे कुणाला ठाऊक नाही. प्रार्थनेनंतर फाटकाला कुलूप लावावे आणि उशिरा आलेल्या मुलांना घरी पाठवावे, असे कार्यकारिणीने ठरवत आणले होते. त्या बैठकीला शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मी होते. बाई म्हणाल्या, "लहान मूल उशिरा येत नाही, त्याला उशिरा आणलं जातं. चूक मोठ्यांची आणि फाटकातून परत जायचं मुलानं, हे मला जमणार नाही."

"मग शिस्त कशी लागणार?" सचिवांनी विचारले.

"मोठ्यांना लावू."

"हे वर्ष आम्ही बघू. सुधारणा दिसली नाही, तर मुख्याध्यापक बदलावा लागेल."

बाईंनी ती अट मान्य केली. दुसऱ्या दिवसापासून उशिरा आलेले मूल त्या स्वतः हाताला धरून वर्गात सोडू लागल्या, आणि त्याच्या पालकांना फाटकाजवळच्या बाकावर बसवून उशिराचे कारण विचारू लागल्या. कुणी चिडत, कुणी त्या बाकावर बसून रडतही.

त्याच वर्षी तिसरीतली इरा माझ्या वर्गात होती. आधी ती उशिरा येऊ लागली, मग येईनाशी झाली. तिची आई आदल्या वर्षी आजारात गेली होती. वडील, निखिल, खराडीत सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि पुण्यात त्यांचे जवळचे कुणी नव्हते. फोन केला की ते "उद्या पाठवतो" एवढेच म्हणत. शेवटी एका संध्याकाळी बाई मला म्हणाल्या, "चला, आपणच जाऊ."

इराच्या घरी पश्चिमेच्या खिडकीतून नारिंगी उजेड आत आला होता आणि त्या उजेडात सगळे घर पाण्याखाली असल्यासारखे स्तब्ध वाटत होते. इरा मोकळ्या केसांनी पलंगावर बसली होती. निखिल खाली बघत म्हणाले, "मला वेणी घालता येत नाही, बाई. तिची आई दोन वेण्या घालायची. मी घातल्या की ही सोडते. मोकळ्या केसांनी शाळेत यायला तयार नाही. रोज सकाळी आम्ही दोघं रडतो. मी तिला अकोल्याला माझ्या आईकडे पाठवतोय. मला दाखला द्या."

मला राहवले नाही. मी म्हणाले, "एवढंच ना? वेण्या शाळेत मी घालत जाईन."

बाईंनी मला हातानेच थांबवले. "तुम्ही घालाल, पण मग बाबा कधी शिकणार?" मग त्या निखिलांकडे वळल्या. "दाखला मागितलात तर द्यावाच लागेल. पण इरा इथं आहे तोवर वेळेची सवलत मी देणार नाही. शाळा भरताना ती वर्गात हवी. ते कसं जमेल, हे मात्र आपण मिळून बघू. इरा, बाबांना थोडं शिकू देशील?"

इरा पलंगावरून उतरून वडिलांच्या पुढ्यात, त्यांच्याकडे पाठ करून बसली.

बाईंनी निखिलांच्या बोटांवर आपली बोटे ठेवली. "तीन पेड करा. ओढू नका, तिला दुखतं. हं, आता हा वरून." वेणी सुटायची, पुन्हा सुरू व्हायची. बाहेरचा उजेड विझत गेला तरी दिवा लावायचे कुणाला सुचले नाही. कधीतरी इराचे डोळे मिटले, आणि निखिलांचे भरून आले.

परतताना आम्ही नदीच्या पुलापर्यंत चालत आलो. बाई स्वतःविषयी सहसा बोलत नसत, त्या संध्याकाळी बोलल्या. त्यांचे वडील वर्ध्याकडून येऊन खडकीच्या कारखान्यात लागले. ते लहानग्या कुंदाला सायकलच्या दांडीवर बसवून इतक्या लवकर शाळेत आणत, की फाटक उघडलेलेही नसे. एकदा तिने कुरकुर केली. तेव्हा ते म्हणाले, "आपल्या माणसांना या दारापर्यंत यायला फार उशीर झाला, बाळा. आता आपण उशीर करायचा नाही."

हे सांगून बाई पाण्याकडे बघत राहिल्या. फाटकाला कुलूप लावू द्यायला त्या तयार का नव्हत्या, आणि वेळेबाबत एक पाऊलही मागे का येत नव्हत्या, ही दोन्ही कोडी मला तिथे उलगडली.

दुसऱ्या दिवशी इरा प्रार्थनेआधी आली. एक वेणी कानापाशी, दुसरी मानेवर. वर्गात कुणीतरी हसले, तर ती म्हणाली, "माझ्या बाबांनी घातल्यात." त्यानंतर दाखल्याचा विषय निघाला नाही. वर्षअखेरीस उशिरा येणारी मुले मोजकीच उरली, आणि सचिवांनी कुलपाचा ठराव स्वतःच मागे घेतला. इरा आता आठवीत आहे. केस तिने आखूड कापून टाकले आहेत. निखिलांना त्याची थोडी हळहळ वाटते.

बाई निवृत्त झाल्या, तरी पहाटे उठणे सुटलेले नाही, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. आम्हा सर्वांच्या वतीने बाईंना उदंड, निरोगी आयुष्य चिंतते. त्यात एक मागणे माझे स्वतःचे आहे. एखाद्या सकाळी ऊन पार उशाशी आले तरी बाईंनी अंथरुणातच लोळत राहावे. कुणीतरी चहा आणून द्यावा, तो निवत राहावा. खिडकीबाहेर मुले शाळेला चाललेली ऐकू यावीत, आणि बाईंनी कूस बदलून पुन्हा डोळे मिटावेत. अशा सकाळी त्यांना पुष्कळ मिळोत.