ढगळमामांचं माप

गल्लीत त्यांना शिंपीकाका असं कुणी म्हणत नसे. सगळे म्हणायचे ढगळमामा. का, तर त्यांनी शिवलेला एकही सदरा कधी कुणाला घट्ट झाला नाही. गिऱ्हाईक छाती कितीही आत ओढून उभं राहू दे, मामा टेपवर दोन बोटं वाढवून धरणार, आणि शिलाईत कापड सोडणार ते वेगळंच. "जास्त असलं की आत घेता येतं हो. कमी पडलं तर काय माझ्या अंगाचं लावू?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. या उत्तरानं त्यांना दुकानात कधी दगा दिला नाही.

दुकान बंद केल्यावर ते थोरल्या बहिणीकडे राहायला आले. ताईंची नजर पार अधू झाली होती. घरात जो तो त्यांना "तुम्ही बसा, आम्ही करतो" म्हणे. मागच्या अंगणातल्या वाफ्यात मात्र असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. टोमॅटोचं रोप कुठलं आणि तण कुठलं, हे ताईंच्या बोटांना बरोबर कळायचं.

यंदा माती तपासून आणली, तर ती आंबट निघाली. चुना घालायला हवा होता. बियाण्यांच्या दुकानातल्या बाईंनी मामांना बजावलं, "चौरस मीटरला पाव किलो. लांबी गुणिले रुंदी करा. अंदाजपंचे नको हं."

"अंदाजपंचे? अहो बाई, शिंपी आहे मी!"

घरी येऊन मामांनी टेप काढली. लांबी साडेतीन मीटर भरली, त्यांनी चार धरली. रुंदी एक, ती सव्वा धरली. सव्वा किलोचा हिशोब आला, म्हणून दीड किलो घेतला. पसरून झाल्यावर कडा फिक्या दिसल्या, तेव्हा काठाकाठानं दुसरी टीप मारावी तसा आणखी किलोभर भुरभुरला. बहिणीचं काम, त्यात हात कसला आखडता घ्यायचा!

ताईंनी रोपं लावली. ती वाढेचनात. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मामा एक पान घेऊन दुकानात गेले. चुना किती घातला ते ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, तिप्पट झाला की! आता काय उसवून काढणार आहात?"

सांगून टाकायचं असं ठरवूनच मामा परतले. ताई पायरीवर बसल्या होत्या.

"माझंच चुकलं रे. धुण्याच्या पाण्याची बादली वाफ्यात ओतली असणार मी. दिसतंय कुठे मेलं!"

आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "असू दे गं ताई. होतं असं."

आपलंच बोलणं कानावर पडलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक यांची, आणि माफ करताहेत बहिणीला! पण जीभ काही रेटेना. पुढे येईल त्याला ताई बादलीची गोष्ट सांगायच्या, आणि मामा खाली मान घालून ऐकायचे. आरशात बघून दाढी करायचीसुद्धा लाज वाटायची.

एके सकाळी ताई म्हणाल्या, "ते खुरपं देऊन टाक कुणाला तरी. माझे हात गेले आता."

"ताई, तुझ्या बादलीनं काही झालेलं नाही. चुना मी जास्त घातला. मला केव्हाच कळलं होतं."

ताईंनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"रोपांचं जाऊ दे. मी माझ्या हातांना शिव्या घालत होते, आणि तू मला 'असू दे' म्हणालास?"

मामांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"किती घातलास? वाढवून सांगू नकोस."

"अडीच किलो."

"आणि हवा किती होता?"

"किलोलाही कमी."

ताईंनी हात पुढे केला. "आण ते खुरपं इकडे. आणि तू तिथेच बस. वाफ्यात पाय टाकायचा नाही."

मामा पायरीवर बसून राहिले. ताई चाचपत वाफ्यात उतरल्या आणि एकेक पिवळं रोप स्वतःच्या हातानं उपटू लागल्या.