तो मळ नव्हता

आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणाऱ्या मामांना सगळे ‘लखलखमामा’ म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही डागाळलेली बाटली सुटली नव्हती. मी आळसात कशीबशी धुतलेली नळी दुसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर उभी असायची. मामांनीच ती परत आणून ठेवलेली असे, त्याचाच जास्त राग यायचा.

माझं काम पेशीतल्या एका प्रथिनावर होतं. डीएनए कुठे बिघडला की त्याचा पीळ उलगडून दुरुस्तीला वाट करून देणारं प्रथिन. ते अडलं की बिघाड साचत जातात. माझं मात्र ढिम्म हलत नव्हतं. सरांनी बजावलं होतं, शुक्रवारपर्यंत चाललं नाही तर विषय बदल. तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

हे प्रथिन सुरुवातीला तपकिरी दिसे. मी तो मळ समजून उघड्यावरच पुन्हा पुन्हा गाळत बसे, पार पाण्यासारखं होईपर्यंत.

बुधवारी मामा नळ्या न्यायला आले आणि एका उघड्या नळीपाशी थबकले. सकाळी तपकिरी होती, आता फिकी कशी, असं विचारू लागले. मी वैतागून म्हटलं, मळ खाली बसला असेल.

“मळ काचेला धरतो, पोरी. जन्मभर घासतोय मी. नुसत्या हवेनं उडणारा मळ मला अजून भेटायचाय.”

माझी ट्यूब पेटली. हवेत विटणारा तपकिरी रंग म्हणजे लोह आणि गंधक! पेशीत काही मदतनीस प्रथिनं या दोघांची जुळणी करतात आणि ती हातोहात दुसऱ्या प्रथिनांत बसवतात. ती बसली तरच दुरुस्तीवाले कामाला लागतात. मदतनीसांनी जपून बसवलेलं मी तीन वर्षं मन लावून घालवत होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

गुरुवारी दिवसभर प्राणवायू काढून टाकलेल्या पेटीत, तिच्या जाड हातमोज्यांत हात घालून काम केलं. शुक्रवारी प्रथिन तपकिरी राहिलं आणि डीएनए भराभर उलगडला. सरांनी दोनदा चष्मा पुसला. विषय माझाच राहिला.

बूच घट्ट लावलेली नळी घेऊन मी धावतच मामांकडे गेले. हे करतं तरी काय, त्यांनी विचारलं.

“बिघडलेलं दुरुस्त व्हायला मदत करतं, मामा. रोज. कुणाला पत्ताही नसतो.”

मामांनी ओले हात पुसले, नळी उजेडात धरून पाहिली.

“म्हणजे आमच्याच खात्यातला की. मग त्याला बाहेर काय मिरवतेस? ने आधी आत, पेटीत.”