दारापाशी थांबणारं क्लॅरिनेट

चिखलीच्या बाजारात वांग्यांच्या टोपल्या उतरवून मी हॉटेलात चहाला बसलो होतो. भोंग्यावर आमच्याच बँडची तबकडी लागली होती. दामूचं क्लॅरिनेट वरातीची चाल घेऊन नुकतं वर चढत होतं, आणि त्याच वेळी आमच्या गल्लीतला शेषराव घामाघूम होऊन समोर उभा राहिला. "दामू गेला," तो म्हणाला. "मळ्यात पानी देता देता बसला, तो उठलाच नाही." मी भोंग्याकडे पाहिलं. दामू वाजवतच होता... बंद कर म्हणून मी ओरडलो, तर हॉटेलवाला म्हणतो, "काऊन? चांगली तं हाय." तेव्हापासून डोक्यात जो राग ठाण मांडून बसलाय, तो आजवर उठलेला नाही.

आम्ही अमडापूरच्या माळ्यांची पोरं. वर्षभर भाजीपाला आणि लग्नसराईत बँड. दामूचं क्लॅरिनेट, माझं ट्रम्पेट, शामरावचा मोठा ढोल आणि मागे आणखी सात-आठ जण. वरातीच्या वाटेवर सुतकातलं घर लागलं की बँडनं गप्प व्हायचं, ही आमच्याकडची रीत. इतर बँडवाले आवाज जरा उतरवून भागवायचे. दामूला ते खपायचं नाही. तो क्लॅरिनेट ओठांवरून काढून खाली धरायचा आणि सगळा बँड मुका व्हायचा. नुसती पावलं वाजायची. घर पार मागे पडल्यावर तोच पुन्हा सूर धरायचा. त्याच्यासारखं वाजवणारे पुष्कळ असतील, त्याच्यासारखं थांबणारा मी दुसरा पाहिला नाही.

त्या थांबण्यापायीच बँड फुटला. डोणगावला एका बड्या घरची वरात होती. वाटेत एका घरी त्याच सकाळी म्हातारा गेलेला. दामू थांबला. नवरदेवाचा काका पुढे येऊन गुरकावला, आणि शामरावनं ढोलावर टिपरू हाणलं. "वाजवा रे! शुभकार्यात मुकं राह्यते काय कोनी?" दामू तिथंच उभा राहिला. "त्या घरातलं रडनं तुह्या ढोलानं झाकतं काय बे?" एवढंच म्हणाला, आणि रस्त्याच्या कडेनं एकटा चालू लागला. मी त्याच्या मागे गेलो. शामराव वाजवत पुढे गेला. पुढची दहा-बारा वर्षं तिघांचे मळे एकमेकांना लागून, पण बांधावर शामरावशी बोलणं नाही.

मग रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस गावात आला. वऱ्हाडी वरातीच्या चाली त्याला हव्या होत्या आणि जुना बँड एकत्र येणार असेल तरच. शामराव दामूच्या दारात गेला, आणि दामूनं त्याला चक्क मिठी मारली! मी भडकलो. "इतकी वर्सं झाले बे," दामू मला म्हणाला, "आता मरेपर्यंत मुकंच राहू काय?" या बाबतीत माझा दामूवरही राग आहे, आणि तो गेला म्हणून मी तो गिळणार नाही. मुंबईला काचेच्या खोलीत आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. चालल्याशिवाय आम्हाला ठेका सापडेना, तर पाय वाजवू नका म्हणून तिथला साहेब खेकसला. दामूनं त्याला विचारलं, मध्ये एक थांबा ठेवता येईल का? साहेब हसला. गप्प राहायचं तर रेकॉर्ड कशाला काढता, म्हणाला. तबकडी आली तेव्हा दामूनं ती मान खाली घालून ऐकली. "चांगली झाली," तो म्हणाला, "पन दम घेतच नाही."

दामूच्या शोकसभेत सरपंच कलेचा दिवा विझल्याचं सांगत होते, आवाज अगदी भरून आलेला. त्यांच्या पोरीचं लग्न ठरलेलं. बँड कोणता, मी विचारलं तर म्हणाले, "बँड कायले? तबकडी हाय ना." खरं आहे. तबकडी जेवण मागत नाही, थकत नाही आणि कोणाच्या दाराशी थांबतही नाही.

लग्नाच्या दिवशी भोंगा बांधला तो दामूच्या घरासमोरच्या कडुनिंबावर. दामूला जाऊन महिना नव्हता झाला. नवरदेवाची मंडळी गावकऱ्यांसोबत गल्लीतून आली आणि सवयीनं दामूच्या दाराशी सगळ्यांचे आवाज बसले, माना खाली गेल्या. बायांनी गाणं थांबवलं. माणसं थांबली... आणि वरून दामूचंच क्लॅरिनेट दामूच्याच दारावर कोसळत राहिलं. माझ्या अंगाची लाही झाली. मी मांडवाकडे धावलो. तबकडीचं मशीन फोडायचंच ठरवलं होतं. पण शामराव माझ्या आधी तिथं पोचला होता. त्यानं सुईचा दांडा खेचला. तबकडीवर लांब ओरखडा उठला. "तबकडी गेली ना बाप्पा!" मशीनवाला ओरडला. शामराव माझ्याकडे बघत राहिला. माझ्याकडून एक शब्द त्याला हवा होता. मी दिला नाही. हे डोणगावला करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दामूच्या घरी वहिनीकडे गेलो, तिच्या दाराशी असं घडल्याची माफी मागायला. ती म्हणाली, "मले वाटलं, ते वाजवत दारापाशी आले, भाऊजी, अन् नेहमीवानी थांबले." खुंटीवर क्लॅरिनेट टांगलेलं होतं, स्वच्छ पुसलेलं.

मशीनवाल्यानं फेकलेली ती तबकडी मी घरी आणली. बाजाराच्या दिवशी चिखलीच्या त्याच हॉटेलात घेऊन जातो आणि लावायला लावतो. चाल वर चढते, ओरखड्याशी सुई येते आणि क्लॅरिनेट तुटतं. खरखर तेवढी उरते. "बदल ना बे, खराब हाय ते," मागून कोणीतरी ओरडतंच. हॉटेलवाल्याचा हात पुढे येतो.

मी तो हात धरून ठेवतो.