खताच्या गोदामातली मुलाखत

मी डॉक्टर व्हायच्या आधीच माझ्याकडे पेशंट यायला लागले. यात माझा काडीचाही दोष नाही हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावात, किन्हीराजात, अजूनही सगळा दोष माझ्याच माथी मारतात.

नीटमध्ये थोडक्यात हुकल्यावर मी बीएस्सी केली आणि परदेशातल्या एका विद्यापीठाच्या मास्टर्सला प्रवेश मिळवला. हा मास्टर्स विचित्र आहे. तो केला म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. वर्षभर घरून ऑनलाइन रक्त आटवून अभ्यास करायचा, आपल्यासारख्याच रक्त आटवणाऱ्यांना मागे टाकायचं, आणि जे अगदी वर येतील त्यांची शेवटी मुलाखत. त्यात निवड झाली तर त्यांच्याच मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाला जागा. म्हणजे डॉक्टरकीची सुरुवात व्हायलाच अजून अख्खं एक दार बाकी! हे मी बाबांना जेवताना सगळं उलगडून सांगितलं. बाबांनी शांतपणे ऐकलं, हात धुतला, घरासमोरच्या ओट्यावर गेले आणि जमलेल्या मंडळींना सांगितलं, "पोरगी डॉक्टर झाली."

उरलंसुरलं काम श्रीधरकाकानं केलं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. गावात त्याचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं विकतो. त्यानं मला न विचारता चौकात फ्लेक्स लावला. माझ्या फोटोला पांढरा कोट चिकटवला होता, ज्यातून बाहेर आलेले हात कुण्या धिप्पाड पुरुषाचे होते. गळ्यात स्टेथोस्कोप, खाली 'डॉ. पल्लवी', आणि भोवती शुभेच्छुक म्हणून काका आणि त्याचे गॉगलवाले मित्र. (माझ्या चेहऱ्यापेक्षा काकाचा चेहरा मोठा होता, हे वेगळं सांगायला नको.) मी तडक दुकानात गेले आणि आत्ताच्या आत्ता तो काढा म्हणाले. विद्यापीठाला कळलं की मी स्वतःला डॉक्टर म्हणवून घेते, तर मुलाखत राहू द्या, मास्टर्समधूनही हाकलतील, असं बजावलं. काकाचं म्हणणं असं पडलं, की व्हायचंच आहे तर आज काय आणि उद्या काय.

दुसऱ्या दिवसापासून पेशंट. नीटच्या निकालानंतर जी माणसं मला चौकात पाहून हळहळायची, तीच आता रस्त्यात थांबवून जीभ बाहेर काढून दाखवायला लागली. एकानं गुडघा दाखवला, एकीनं सुनेचे रिपोर्ट आणले, एकजण तर म्हैस चारा खात नाही म्हणून आला. मी प्रत्येकाला सांगायची की मी डॉक्टर नाही, आणि गोळी तर मी देणारच नाही. यावरून गावानं निष्कर्ष काढला की पोरीला घमेंड चढली. आईसुद्धा म्हणाली, तापाची एखादी गोळी सांगितली तर तुझं काय झिजतं? त्या दिवशी मी जेवलेच नाही. कोणी आग्रह केला नाही, त्याचा राग निराळा.

अशात मुलाखतीची तारीख आली. आमच्या घरी मोबाइलला रेंज फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीला चिकटून उभं राहिलं तर मिळते. वर्षभराचे धडे मी तिथेच उभं राहून उतरवून घेतले, पण मुलाखतीला लागणारं धड इंटरनेट एकाच ठिकाणी, काकाच्या दुकानात. तेव्हा सोयाबीनची फवारणी ऐन जोरात होती. एक दुपार दुकान बंद ठेव म्हटल्यावर काकानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याची किडनी मागितली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. शेवटी दुकानामागच्या गोदामात बसायचं ठरलं. विद्यापीठाचा नियम कडक होता. खोलीत दुसरं माणूस दिसलं की मुलाखत रद्द, वर्षभराची मेहनत पाण्यात. काकाला मी हे इतक्यांदा सांगितलं, की त्यालाच पाठ झालं. तो म्हणाला, दारात मी स्वतः खुर्ची टाकून बसतो.

तिथेच सगळा घात झाला. मालक गल्ला सोडून गोदामाच्या दारात का बसलाय, असं गिऱ्हाईक विचारणारच. आणि कोणी विचारलं की काकाची छाती फुगणारच. पल्लवी आत परदेशातल्या डॉक्टरांशी बोलते आहे, असं तो सांगत सुटला. ते गावात पोचेपर्यंत परदेशातले डॉक्टरच काकाच्या गोदामात उतरले होते आणि फुकट तपासत होते. खिडकीतून मला बाहेर रांग दिसायला लागली.

इकडे स्क्रीनवर तिघं जण होते. एक चष्मेवाल्या बाई, एक तरुण प्राध्यापक, आणि एक मिशीवाले गृहस्थ, जे नाव न सांगता गप्प बसले होते. नियमाप्रमाणे मी कॅमेरा फिरवून खोली दाखवली. युरियाची पोती, औषधांचे खोके, भिंतीवर बोंडअळीचं भलं मोठं रंगीत चित्र. बाईंनी ते पाहून चष्मा सारखा केला. पहिले प्रश्न बरे गेले. मग खिडकीच्या गजातून एक हात आत आला. हातात सोयाबीनचं पिवळं पडलेलं रोप. शेतकरी काकाला पान दाखवून औषध नेतात, ती इथली रीतच आहे. त्या हाताला वाटलं असणार, आज मोठे डॉक्टर आहेत तर त्यांनाच दाखवू. मी टेबलाखालून जा जा अशी खूण केली. रोप आणखी आत आलं.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, पेशंट तुमचं अजिबात ऐकत नसेल तर काय कराल? हे उत्तर मी आरशासमोर घोटलेलं होतं. मी मधाळ इंग्रजीत सुरुवात केली, की मी आवाज खाली ठेवीन, शांतपणे ऐकून घेईन आणि काही झालं तरी चिडणार नाही. आणि दार उघडून आमच्या शेजारच्या शेवंतामावशी आत आल्या. काकानंच सोडल्या. (म्हातारं माणूस, त्याला कशाला रांगेत उभं ठेवायचं, असा त्याचा दयाळू विचार. नियम धडधाकट माणसांसाठी!) मावशी कॅमेऱ्यासमोरच्या पोत्यावर टेकल्या आणि पाय स्टुलावर ठेवला.

"पाह्य वं पोरी, पोहरादेवीच्या जत्रेवरून आली तवापासून सुजला. दुखून राह्यला लय."

मी दात आवळून त्यांना बाहेर जायला सांगितलं.

"काहून वं? त्या चष्मेवालीले बी दिसू दे न."

माझी जागा गेली, हे मला तेव्हाच कळलं. पण नजर पायावर गेली होती. एकच पाय सुजलेला, पोटरी लाल आणि टणक. हात लावला तर गरम. मावशींना दम लागतो का विचारलं. म्हणे, लागते थोडा. पायाला काय केलं विचारलं; म्हणे, सून रोज दाबून चोळून देते. पोटरीत रक्ताची गाठ असेल तर चोळणं म्हणजे जिवाशी खेळ. वर्षभराचा अभ्यास, चौकातला फ्लेक्स, म्हैस, सगळं एकदम माझ्या डोक्यात चढलं आणि मी स्क्रीन विसरून ओरडले.

"मावशी, मी डॉक्टर नाई! गावानं मले डॉक्टर केलं, मी झाली नाई. आन् हा पाय चोळून काहून घेऊन राह्यली तू? जीव जाईन न तुया! उठू नको आता, बसून राह्य. काका, तुया अकलेचं दुकान बंद कर आन् गाडी काढ. आत्ताच्या आत्ता हिले वाशिमले दवाखान्यात ने."

काकानं मुकाट्यानं गाडी काढली. रांगेतल्या चौघांनी मावशींना उचलून नेलं. मी घामाघूम होऊन परत खुर्चीत बसले. बाईंनी विचारलं, काय बोलणं झालं? मी भाषांतर केलं, की मी त्यांना नम्रपणे सांगितलं मी अजून विद्यार्थिनी आहे, विश्रांतीची विनंती केली, आणि काकांना आदरपूर्वक वाहनाची व्यवस्था करायला सुचवलं.

तेव्हा मिशीवाल्या गृहस्थांनी पहिल्यांदा माइक सुरू केला.

"पल्लवी, मी मूळचा तुमच्या जवळच्याच कारंज्याचा आहो. काकाच्या अकलेचं काय म्हटलं तू, ते या दोघायले मी सांगू का?"

जमीन दुभंगली नाही. खाली फक्त युरियाचा सडा होता.

मावशींच्या पायात गाठच निघाली. वेळेवर पोचल्या, वाचल्या, आणि आता घरोघरी सांगतात, डॉक्टरीण चांगली आहे पण बोलते लय. आठवडाभरानं विद्यापीठाचाही फोन आला. माझी निवड झाली होती. सगळं पणाला लागलं असताना मी स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतलं नाही आणि पेशंटला योग्य जागी धाडलं, हे तिघांनाही इतकं आवडलं होतं की त्यांनी खोलीतल्या दुसऱ्या माणसाचा नियम बाजूला ठेवला. मी तिथेच भोकाड पसरलं. बाबाही रडले. फक्त एक अट होती. मी फार चिडते, म्हणून पहिल्या वर्षी आठवड्यातून एकदा राग आवरायच्या वर्गाला बसायचं.

मी अजिबात चिडकी नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे चांगलंच खडसावून सांगितलं. आता तो वर्ग आठवड्यातून दोनदा आहे.