तीन व्हिडिओ आणि माझा अहवाल

केडगावच्या आमच्या वाचनालयाने व्याख्यानासाठी ज्याला बोलवायचं ठरवलं, तो एकेकाळी माझा विद्यार्थी होता. आता तो मोबाइलवरच्या कार्यक्रमात राजकारणावर बोलतो. त्याच्यावरून सख्खे भाऊ भांडतात, इतका तो लोकांना आवडतो आणि नकोसाही होतो.

पत्रिका छापायला जाणार, तेवढ्यात दौंडहून पत्र आलं. हा माणूस मुसलमानांचा द्वेष करतो, त्याला बोलावू नका. सोबत तीन व्हिडिओंची यादी. खाली सही माझ्या मैत्रिणीची. शिरूरकडच्या शाळेत अठरा वर्षं शिकवताना आम्ही एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं होतं. मला तिने फोनसुद्धा केला नव्हता, थेट समितीला लिहिलं होतं.

समितीचे अध्यक्ष आप्पांनी ते पत्र माझ्यापुढं सरकवलं.

"बाई, पोरगं तुमच्या हाताखालचं आन् मैत्रीणबी तुमचीच. खरं काय हाय, ते तुम्हीच बघून सांगा."

नाही म्हणायला हवं होतं. पण मी पत्र पर्समध्ये टाकलं.

नुसते तुकडे नाही, अख्खे कार्यक्रम ऐकायचे, असं मी ठरवलं. स्वयंपाक आटोपला की वही घेऊन बसायची. पहिल्या तुकड्यात तो म्हणत होता, "या लोकांना इथं जागा नाही." पण अख्खा कार्यक्रम ऐकला, तर ते वाक्य एका पुढाऱ्याचं होतं आणि हा त्या पुढाऱ्याला झोडपत होता. कुणीतरी मागचं-पुढचं कापलं होतं. मला इतकं हायसं वाटलं, की मी उठून चहा टाकला.

दुसऱ्यात त्याने एका मुसलमान बाईच्या बोलण्याची नक्कल केली होती. मी हसले. चांगली मोठ्याने हसले. आणि मग हातातला पेन तसाच राहिला. मैत्रिणीची आई हुबेहूब तशीच बोलायची. आग्रह करकरून वाढताना.

तिसरा मात्र कुठूनही सुटेना. बाजारात भाजी घेण्याआधी विकणाऱ्याचं नाव विचारा, असं तो सांगत होता. आवाजही चढलेला नव्हता. मी तो तीनदा ऐकला, एखादी पळवाट सापडते का ते शोधत. मागचं-पुढचं ऐकल्यावर ते जास्तच वाईट निघालं.

मी त्याला फोन केला.

"बाई! तुम्ही ऐकता माझं?" त्याला खरोखरच आनंद झाला होता.

"भाजीचं ऐकलं. असं का बोललास?"

"बाई, तो विनोद होता हो."

"तिथं तू हसला नाहीस, आणि दुसरं कोणी हसलंय असंही दिसलं नाही."

"तुम्हीपण त्यांच्या बाजूला गेलात का?" तो म्हणाला. पुढचं बोलणं झालंच नाही.

अहवालात मी लिहिलं: पहिला आरोप खोटा, दुसरा आणि तिसरा खरा. तो समितीत वाचून दाखवला. बराच वाद झाला. शेवटी आप्पा म्हणाले, "त्याला ईचारू. ही दोन चुकली म्हणाला, तर येऊ द्या. न्हाई तर ऱ्हाऊ द्या."

त्याने आम्हाला उत्तर पाठवलं नाही. आपल्या मोबाइलवरच्या कार्यक्रमातच म्हणाला, की शाळेतल्या बाईंनी अजून छडी खाली ठेवलेली नाही. व्याख्यान रद्द झालं. किराणा दुकानात एक ओळखीचा माणूस माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी घरात बसू शकेना. सकाळच्या गाडीने दौंडला गेले.

मैत्रिणीने दार उघडलं, पण आत ये म्हणायला वेळ लावला.

"पहिला आरोप खोटा लिहिलास," ती म्हणाली. "आता सगळे म्हणतात, ही बाई खोट्या तक्रारी करते."

"तो खोटाच होता गं. व्हिडिओ कापलेला होता."

"मला कुठं माहीत होतं? मला जसा आला, तसा मी पाठवला."

"मला आधी फोन का केला नाहीस?"

"तू त्याचीच बाजू घेशील, अशी भीती वाटली."

मी म्हटलं, "दुसरा ऐकताना मी हसले होते." तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं, तिच्या आईची आठवण झाली तेही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथूनच म्हणाली, "हे अहवालात लिहिलंस?"

"नाही."

"का नाही लिहिलंस?"

"लाज वाटली."

तिने चहा केला. आम्ही तो प्यायलो. निघताना ती जिन्यापर्यंत आली, पण पुन्हा ये म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात जाऊन फाइल काढली आणि अहवालाच्या खाली दोन ओळी लिहिल्या, की नक्कल ऐकताना मीही हसले होते. आप्पांनी चष्मा लावून त्या वाचल्या.

"बाई, हे कशापायी आता? कुणी ईचारलं व्हतं का?"

"नाही विचारलं," मी म्हटलं आणि फाइल त्यांच्याकडे दिली.