दोन कप्प्यांचं पातेलं: नाक बिघडल्यावर मी पुन्हा जेवायला कशी शिकले

"याला पॅरॉस्मिया म्हणतात," डॉक्टर स्क्रीनवरून म्हणाल्या. "म्हणजे वासांची गल्लत. कोविडनं वासाच्या नसा दुखावल्या. त्या आता परत वाढताहेत, पण चुकीच्या जागी जोडल्या जाताहेत. तुमचं नाक बरं होतंय, म्हणून हे होतंय."

माझ्यासमोर कॉफीचा कप होता आणि त्यातून तुंबलेल्या मोरीचा वास येत होता. बरं होण्याची ही पद्धत मला मान्य नव्हती. तसं मी त्यांना सांगितलंही.

ज्यांचं नाक असंच फिरलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनीही वाचा, कारण तुमच्यातलेच बरेच जण आम्हाला म्हणाले होते, "वासच गेलाय ना, जीव तर नाही गेला?"

मी मूळची मालवणची, शिकले पुण्यात. तिथे घरकामगार बायकांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचे. एका पानात अन्याय, मागणी आणि सभेची वेळ बसवायची, आणि पान वाटायला स्वतः उभं राहायचं. मग मास्टर्सला नेदरलँड्सला आले आणि अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या डीमनमध्ये एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला लागले. पहिल्याच ऑक्टोबरात ताप आला. चौथ्या दिवशी वास गेला. त्याला अ‍ॅनॉस्मिया म्हणतात, म्हणजे नाक पूर्ण बंद. ते एक वेळ परवडलं. पुठ्ठा खातोय असं समजून जेवता येतं.

डिसेंबरात वास परत आला तो हा असा. कांदा, लसूण, अंडं, कॉफी, भाजलेलं, तळलेलं, सगळ्यांना एकच वास: जळकं रबर आणि कुजकं पाणी. टूथपेस्टलासुद्धा. दोन घास खाल्ले की ताट बाजूला सारायचे. दहीभात आणि कोरडा ब्रेड, एवढ्यावर आले. तेही उभ्यानं, खिडकी उघडून.

आईचा रोज व्हिडिओ कॉल. "जेवलंस काय गो?" आणि मी रोज खोटं बोलायचे.

यावर मी काय उपाय केला? फोडण्या दिल्या. आमच्याकडे नाक चोंदलं की लसणीची फोडणी, भूक मेली की लसणीची फोडणी. नाक उघडेपर्यंत देत राहायचं ठरवलं. पॅरॉस्मियात नेमकं लसूण आणि तेलात जळलेलं हेच सर्वांत वाईट लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी ग्रुपवर कुणी भाजलेलं संत्रं सांगत होतं, कुणी ओवा, कुणी नाकात तूप. ज्याला ताप आला नव्हता तो सर्वांत खात्रीनं सांगत होता.

जानेवारीत डॉक्टरांनी वजन करायला दवाखान्यात बोलावलं. या माझ्या हाउसआर्ट्स, म्हणजे इथे प्रत्येकाला जी एक ठरलेली घरची डॉक्टर असते ती. खुर्च्या लांब लांब ठेवलेल्या, मासिकं उचललेली, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. काटा बघून त्यांनी आकडा लिहून घेतला.

"चार आठवड्यांनी परत बघू. आणखी उतरलं तर आहारतज्ज्ञाकडे पाठवते आणि पोषणाची पेयं सुरू करू. एकटीनं राहणंही तेव्हा बरं नाही. घरी जाऊन येण्याचा विचार करा."

घरी जाणं म्हणजे वर्ष सोडणं. ज्या वर्षासाठी मी चार वर्षं धडपडले होते ते.

फ्लॅटवर परतले आणि डॉक्टरांना पत्र लिहिलं. पान एक, मागण्या सहा. नाक हे इंद्रिय नाही का? ऐकू येईनासं झालं असतं तर 'थांबा' म्हणाला असता का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमचं पत्र पूर्ण वाचलं. मागण्या रास्त आहेत. गोळी मात्र नाहीये, असती तर दिली असती. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी यांचे वास सकाळ-संध्याकाळ घ्या. जे खाल्लं जातं ते शोधा, आणि कुणाच्या तरी सोबत जेवा.

त्या पत्रावर मी फार चिडले होते. आज वाटतं, त्यात सगळं होतं.

सोबत मात्र आली ती स्मोक अलार्ममुळे. माझ्या फोडणीनं तो आठवड्यात तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली लिन दारात येऊन उभी राहिली. चौतिशीची, चीनमधल्या चेंगडूची, एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत कामाला. तोवर आमची ओळख लिफ्टपुरती. बोलायचो इंग्रजीत.

"तू रोज काय जाळतेस?"

"औषध."

"गुण येतोय?"

"नाही."

"मग जाळतेस कशाला?"

मी सगळं सांगितलं, तावातावानं, मागण्यांसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "उकळलेलं खाऊन बघितलंस?"

नव्हतं बघितलं. उकळलेलं म्हणजे आमच्या घरी पथ्य.

त्या हिवाळ्यात घरात दिवसाला एकच पाहुणा बोलावायला परवानगी होती. माझा तो पाहुणा लिन झाली, दर रविवारी दुपारी. ती हॉटपॉट करायची. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी: टेबलाच्या मधोमध विजेच्या शेगडीवर रस्सा उकळत असतो, भोवती कच्च्या भाज्या, मासे, टोफू, शेवया. ज्याला जे हवं ते त्यानं रश्शात शिजवायचं आणि आपापल्या वाटीतल्या चटणीत बुडवून खायचं.

पहिल्यांदा आम्ही सामान आणायला अ‍ॅमस्टरडॅमच्या चिनी दुकानात गेलो. ट्राममध्ये लिन बसली आणि शेजारचा माणूस मफलर नाकावर ओढून उठला. थेट मागच्या टोकाला जाऊन उभा राहिला. माझ्या डोक्यात पत्रकाची पहिली ओळ तयार झाली. मी उठणार, तेवढ्यात लिननं माझी बाही धरली.

"बस. बरं झालं. येताना पातेल्याला जागा लागणार आहे, रोज असाच एक भेटू दे."

"तुला राग येत नाही?"

"येतो. पण आज मला मुळा घ्यायचाय."

दुकानात रश्शाच्या पुड्यांची अख्खी भिंत होती. ती एकेक पुडी उलटी करून मागचं बारीक वाचत होती, आणि मी तेव्हाच तिची झाले. "ही तिखट, पण हिच्यात गाईची चरबी आहे. तुला चालते?" मला काय चालतं ते मी तिला सांगितलं, तुम्हाला सांगणार नाही. पण कुणी काही न गृहीत धरता विचारलं, हे माझ्याबाबतीत या देशात पहिल्यांदाच घडत होतं. "तसंही ही परतलेली आहे. परतलेलं सगळं बाद. वाळवलेले मशरूम बाद, त्यांना भाजका वास असतो. समुद्री शेवाळ घेऊ. टोमॅटो घेऊ." पातेलं घेतलं ते मध्ये पत्रा असलेलं, दोन कप्प्यांचं. एका बाजूला तिचा रस्सा, दुसऱ्या बाजूला माझा.

पहिला रविवार. माझ्या कप्प्यात पाणी, शेवाळाची एक पट्टी, आल्याचे काप. वास जवळजवळ नाहीच. चार घास गेले.

दुसरा रविवार. तेच पाणी, त्यात टोमॅटो. लिनचा नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिनं पाच बशा मांडल्या: मीठ, साखर, व्हिनेगर, तिखट, न भाजलेल्या तिळाची पेस्ट. "आंबट, गोड, खारट हे जिभेचं काम. नाकाला विचारायचंच नाही." मग चुरचुरीत काय, बुळबुळीत काय, हे बघायला लावलं. कमळकाकडी दाताखाली कुरकुरली. रताळ्याच्या शेवया घशातून सुळकन गेल्या. जेवणात एवढं सगळं नाकावाचून चालतं हे मला माहीत नव्हतं. अकरा घास गेले. मी मोजले होते.

शेवटी तिनं तिच्या कप्प्यातला एक लालसर दाणा माझ्या जिभेवर ठेवला. "चाव."

जीभ झिणझिणली, ओठ बधिर झाले, तोंडाला पाणी सुटलं. वास नाही, चवही नाही, पण तोंड जागं झालं. दुसऱ्या दिवशी आईला कॅमेऱ्यासमोर तो दाणा दाखवला. तिनं चष्मा लावला.

"तिरफळच ता. त्या चिनी बाईक कुठे गावला?"

तिरफळाचंच भावंड निघालं ते. आमच्याकडे बांगड्याच्या सारात ठेचून घालतात. मी दाणा नाकाशी धरला. काही नाही. बांगड्याचं सार आठवत होतं, पण त्याचा वास आठवेना. पूर्ण आजारात मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले.

तिसऱ्या रविवारी माझ्या हातून घोळ झाला. लिननं उकडलेल्या शेंगदाण्यांबरोबर सोललेले घेवड्याचे दाणे आणले होते. घेवडा वातूळ. ती हात धुवायला गेली आणि मी सवयीनं डबी उघडून हिंग घातला. वास येईना म्हणून आणखी घातला. तरी येईना म्हणून दोन्ही कप्प्यांत घातला.

लिन आली ती नाक वर करून. "गॅस गळतोय."

"इथे गॅस नाहीये. शेगडी विजेची आहे."

तिनं तरी खिडक्या उघडल्या. बाहेर जाऊन मजला फिरून आली. मग पातेल्यावर वाकली आणि झटकन मागे झाली. "मुक्ता. यात काय आहे?"

"हिंग. पोटाला बरा."

"किती?"

मी चमचा दाखवला. ती खाली बसली. तिचा चार तास उकळलेला रस्सा होता तो. मला हसायला आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले, कारण अख्खी खोली हिंगानं भरली होती आणि मला पत्ता नव्हता.

लिननं दोन्ही कप्पे ओतून दिले, घासले, साधं पाणी ठेवलं. मग म्हणाली, "पातेलं दोघींचं आहे. त्यात कुणी कुणाला न विचारता काही घालायचं नाही. वाटी तुझी आहे. तिच्यात हवं ते घाल, मी विचारणार नाही."

मी सरळ बोलणारी आहे, तेव्हा स्वतःबद्दलही सरळ सांगते. माझं आयुष्य दुसऱ्याच्या पातेल्यात हिंग घालण्यात गेलं होतं. त्यातलं बरंचसं गरजेचं होतं. सगळं नव्हतं.

मी उठून कपाटातून आईनं दिलेलं कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला आंबट रस, काढलं. वाटीत आगळ, गूळ, मीठ, मिरचीची पूड आणि तिळाची पेस्ट एकत्र केली. मुळ्याचा काप त्या साध्या पाण्यात शिजवला, त्यात बुडवला, खाल्ला. आंबट लागलं. नीट, स्वच्छ आंबट, त्यामागून गूळ. दुसरा काप. मग मासा. मग टोफू. लिननं आपला तुकडा माझ्या वाटीवर धरून नुसतं बघितलं. मी मान हलवली. तिनं बुडवून खाल्ला.

"आणखी आहे का हे?"

तीन महिन्यांत मी पहिल्यांदा बसून, कुणासमोर, पोटभर जेवले होते. संध्याकाळी आईनं विचारलं तेव्हा खोटं बोलावं लागलं नाही.

पुढे रोजच्या जेवणाचंही तेच केलं: उकळलेलं, कोमट, आणि वाटीत आगळ. चार आठवड्यांनी डॉक्टरांच्या काट्यावर उभी राहिले. वजन उतरलं नव्हतं. थोडं, अगदी थोडं, चढलं होतं.

"काय खाल्लंत?" डॉक्टरांनी विचारलं. मी पातेल्याचं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि वाटीत काय काय होतं ते लिहून घेतलं. "दुसऱ्या पेशंटना सांगितलं तर चालेल?" ज्या बाईंना मी सहा मागण्या लिहिल्या होत्या, त्यांनी माझ्याकडून आगळाचं स्पेलिंग विचारून घेतलं. त्यांच्याबद्दलचं माझं मत मी तिथेच बदललं आणि तसं त्यांना सांगितलंही. त्या हसल्या. "पत्र मात्र चांगलं होतं," म्हणाल्या.

वास असा एका दिवसात येत नाही. लिंबू मार्चमध्ये लिंबासारखं वाटलं, लवंग एप्रिलमध्ये अर्धवट. कॉफी अजूनही जरा मोरीकडे झुकते. जूनमधल्या एका रविवारी खिडक्या उघड्या होत्या, लिन मूठभर दाणे ठेचून रश्शात टाकत होती, आणि मी पाठमोरी भाजी चिरत होते. हात थांबला.

"कोणी बांगडा करतंय का?"

"नाही," लिन म्हणाली. "का?"

मी पातेल्यावर वाकले. वाफेत तिरफळ होतं. लिंबाच्या सालीसारखं, लाकडासारखं, आमच्या स्वयंपाकघरासारखं. लिननं आधी माझ्याकडे आणि मग पातेल्याकडे नजर टाकली, आणि काही न विचारता माझ्या कप्प्यातही दाणे टाकले. नियम तिनं मोडला. एकदाच.

आता सांगायचं ते. डॉक्टरांकडे जा, वजन बघत राहा, लाजू नका. परतलेलं, तळलेलं, कांदा, लसूण काही दिवस बाजूला ठेवा. रस्सा साधा ठेवा आणि चटणीत मजा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि एकट्यानं, उभ्यानं जेवू नका. घरच्यांनो, आजारी माणसासाठी वेगळं शिजवून त्याला कोपऱ्यात बसवू नका. मधोमध एक पातेलं ठेवा आणि त्याच्या हातात त्याची वाटी द्या. हा माझा सल्ला नाही, हे लिनचं शास्त्र आहे. मी फक्त वाटते आहे, पूर्वी पत्रकं वाटायचे तसं.

लिन हल्ली टिलबर्गला असते, बियाण्यांच्याच दुसऱ्या कंपनीत. जाताना पातेलं माझ्याकडे ठेवून गेली. गेल्या आठवड्यात आल्मेरेहून एका मराठी बाईंचा फोन आला. नवऱ्यानं दोन महिने धड काही खाल्लेलं नाही, कांदा चिरला तरी घराबाहेर जाऊन उभा राहतो. त्या रडत होत्या. मी रविवारी येते म्हटलं.

पिशवीत पातेलं घेतलं. शेवाळ, टोमॅटो, आगळ, लिननं पाठवलेले दाणे घेतले. गाडीत पातेलं शेजारच्या सीटवर ठेवलं. हिंगाची डबी मात्र घरीच ठेवून निघाले.